पर्यावरण धोरण : तज्ज्ञांचा सल्ला आणि मंत्र्यांचा निर्णय

मंत्री होण्यासाठी भारतीय राज्यघटनेने कोणतीही शैक्षणिक अर्हता घातलेली नाही. मग शास्त्रीय विषयांवर मंत्री निर्णय कशाच्या आधारे घेतात, हा प्रश्न स्वाभाविक आहे. या दृष्टीने बीटी वांग्याचे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे.

जमिनीतील जिवाणूचे जनुक घालून तयार केलेल्या या वांग्याच्या लागवडीस जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी अनुकूलता दर्शविली. परंतु तज्ज्ञांत एकमत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने समितीवर नेमलेले हैदराबादचे शास्त्रज्ञ डॉ. पुष्प भार्गव यांच्या मते चाचण्या अपुऱ्या होत्या. तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री जयराम रमेश यांचे शिक्षण अभियांत्रिकीचे. ते जीवशास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी नागपूर, अहमदाबाद, हैदराबाद यांसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, राज्य सरकारांची मते मागविली आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी लागवडीस स्थगिती देऊन तिची कारणे लेखी प्रसिद्ध केली. त्याच वर्षी समितीच्या नावातील ‘मान्यता’ हा शब्द जाऊन ‘मूल्यांकन’ आला.

या निर्णयावर शास्त्रज्ञांत मतभेद राहिले. बांगलादेशने २०१३ मध्ये बीटी वांग्यास मंजुरी दिली. मात्र कारणे समोर असल्यामुळे निर्णयाची चिकित्सा करता आली, हे महत्त्वाचे.

धोका किती, हे तज्ज्ञ सांगू शकतात. तो समाजाने पत्करावा की नाही, हे ठरविणे राज्यकर्त्यांचे काम आहे. त्यासाठी मंत्र्याला विषयातील पदवीपेक्षा तज्ज्ञांना नेमके प्रश्न विचारण्याची कुवत आणि उत्तरदायित्वाची जाणीव अधिक आवश्यक ठरते.