आमसुलाचं ऊन आणि व्यापाऱ्याचा काटा

सिंधुदुर्गात मे महिन्यात कुठल्याही खळ्यात डोकावलं तर रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, रास दिसते. फळं फोडून गर आणि बिया एका भांड्यात, सालं दुसऱ्यात. गराला मीठ लावलं की रस सुटतो. त्या रसात सालं रात्रभर भिजवायची, सकाळी उन्हात पसरायची, तिन्हीसांजेला गोळा करून पुन्हा रसात टाकायची. याला पूट देणं म्हणतात. जेवढी पुटं जास्त, तेवढं आमसूल काळपट आणि आंबट. हे सगळं बहुतेक घरांत बायकाच करतात, आणि राखणीलाही त्याच बसतात. कारण धूळ, कोंबड्या, माकडं यांच्यापासून माल सांभाळावा लागतो. खरी धास्ती मात्र वळवाची. ‘मळभ इला काय जीव वरखाली होता,’ असं एका काकींनी सांगितलं. अर्धवट वाळलेल्या सालांवर एक सर पडली तरी बुरशी धरते.

यावर सौर वाळवणी यंत्र हा चांगला उपाय आहे. लोखंडी कमानींवर प्लास्टिकचा जाड कागद ताणलेला, खालून हवा आत यायला वाट, दुसऱ्या टोकाला ती बाहेर काढायला पंखा किंवा धुराडं. आत ऊब वाढते, माल झाकलेला राहतो. नवखा माणूस ऊब जाऊ नये म्हणून झरोके बंद करतो आणि सकाळी कागदाच्या आतून पाण्याचे थेंब सालांवरच टपकताना दिसतात. ओली हवा बाहेर गेलीच पाहिजे, हे त्या थेंबांवरून चटकन कळतं. दुसरी अडचण ट्रेची. कोकमाचं आम्ल साध्या लोखंडाला खातं, म्हणून स्टीलचे ट्रे किंवा खाद्यपदार्थांना चालणारी प्लास्टिकची जाळी घ्यावी लागते. खर्च तिथे वाढतो.

पैशाची सोय काही प्रमाणात आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, अनुदान मिळतं. पण किमान १० टक्के स्वतःचे घालून उरलेल्यासाठी बँकेचं कर्ज काढावं लागतं. रातांब्याचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. फणस, आंबापोळी, काजूबी त्याच सुमारास येतात, आणि पावसात यंत्र रिकामं उभं राहतं. हप्ता मात्र बारा महिने.

माझ्या मते सगळ्यात मोठा अडथळा काट्यावर आहे. नीट वाळलेलं आमसूल हलकं भरतं. व्यापारी दर किलोवर देतो, माल पत्र्यावर वाळलाय की झाकलेल्या यंत्रात, हे तो विचारत नाही. म्हणजे जी बाई जास्त निगुतीने वाळवते, तिच्याच हातात कमी पैसे पडतात. ओलावा मापून दर दिला तर हे चित्र बदलेल. ओलावामापक काही महाग वस्तू नाही. एका बचतगटाला तो सहज परवडतो.

त्यामुळे अनुदान देणाऱ्यांनी यंत्राबरोबर खरेदीदाराशी दराचा करारही जोडून द्यावा. आणि मुंबई-पुण्यात आमसूल घेणाऱ्यांनी दुकानदाराला एवढंच विचारावं: हे कुठे वाळवलंय? झाकून वाळवलेलं असेल तर चार पैसे जास्त द्या.