दुकानाचं नाव कुणाच्या नावावर: अब्बांच्या की कंपनीच्या?

नाशिकच्या गंगापूर रोडवर बिर्याणीचं किंवा बेकरीचं दुकान जमलं की दुसऱ्या शाखेचा विचार सुरू होतो आणि कुणीतरी सांगतं, “भाई, नाव रजिस्टर करून घ्या.” ट्रेडमार्कच्या अर्जात अर्जदार कोण, हे विचारलेलं असतं. बरेच जण तिथे पटकन घरातल्या मोठ्यांचं नाव टाकून मोकळे होतात.

दुकान एकट्याच्या मालकीचं असेल तर प्रश्नच नाही. कायद्याच्या नजरेत असं दुकान मालकापेक्षा वेगळं नसतं. फर्म किंवा कंपनी असेल तर मात्र विचार करा. फीकडे बघून ठरवू नका. ऑनलाइन अर्जाला व्यक्तीसाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आणि मोठ्या कंपनीसाठी ९,००० रुपये लागतात, पण उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगालाही ४,५००च पडतात.

नाव स्वतःकडे ठेवण्यात एक फायदा आहे: कंपनी कर्जात बुडाली तर नाव सहसा वाचतं. मात्र कंपनीला ते वापरू देण्याचा लेखी करार हवा. घरचाच मामला म्हणून तोच राहून जातो.

खरी अडचण इंतकालनंतर येते. व्यक्तीच्या नावावरचा ट्रेडमार्क ही मिळकतच. त्यात बीवी, मुलगे, मुली सगळ्यांचा हिस्सा. सुन्नी कायद्यात वसीयत एक तृतीयांशापुरतीच, आणि वारसाच्या नावे केलेली वसीयत बाकी वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. म्हणजे “नाव थोरल्याला” एवढं लिहून भागत नाही. घराच्या खोल्या वाटता येतात, नावाची अक्षरं कशी वाटणार? नाव कंपनीकडे असेल तर शेअर्स वाटले जातात, मुलींनाही हक्काचा हिस्सा मिळतो आणि नाव अख्खं राहतं.

किर्लोस्करांनी नावासाठी किर्लोस्कर प्रोप्रायटरी ही वेगळी कंपनीच ठेवली. किर्लोस्कर आडनावाच्याच लोकांच्या दुसऱ्या कंपनीला ते नाव वापरायची मनाई मुंबई उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कायम ठेवली. अर्थात भावाभावांतले वाद त्यांच्याकडेही कोर्टात गेलेच.

नाव आज अब्बांकडे असेल तर हस्तांतरणाचा दस्त करून, टीएम-पी फॉर्म भरून ते कंपनीकडे नेता येतं. आज त्यांची एक सही पुरते, उद्या प्रत्येक वारसाची लागेल.