फोन चालतो, मग निरोप का जात नाही?

"मामा, माझी खरंच चूक नाही हो," माझी भाची येलदरीहून फोनवर सांगत होती आणि तिचा गळा दाटून आला होता. ती रोज एस.टी.ने जिंतूरला जाते व तेथील एका कार्यालयात फोनच्या बोर्डावर बसते. महिन्याचा पगार घरी आणणारी घरातली ती पहिलीच मुलगी. दहा दिवसांचे निरोप साहेबांपर्यंत का पोचले नाहीत, याचा खुलासा कार्यालयाने तिच्याकडे लेखी मागितला होता.

आपल्या अनेक मुली-मुले आज अशा बोर्डावर बसतात, म्हणून ही हकिकत सविस्तर देत आहे.

कार्यालयातील फोनची पेटी आता दोन कामे करते. एक म्हणजे फोन जोडून देणे. दुसरे असे की, कोणी फोन उचलला नाही तर बोलणाऱ्याचा निरोप ध्वनिमुद्रित करून तो साहेबांच्या ईमेलवर पाठवणे. ही दोन्ही कामे वेगवेगळ्या वाटेने होतात. त्यामुळे फोन खणखणीत वाजत असतानाही ईमेल बंद पडलेला असू शकतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

ईमेल पाठवण्याचे नियम १९८२ साली ठरले. त्यावेळी पाठवणाऱ्याची ओळख विचारली जात नव्हती. आता विचारतात. २५ क्रमांकाचे जुने दार फुकट्या जाहिरातींच्या त्रासामुळे पुष्कळ इंटरनेट कंपन्या बंदच ठेवतात. यंत्राने ५८७ किंवा ४६५ या दाराने जावे. ४६५ वर बोलणे पहिल्यापासून सांकेतिक असते, तर ५८७ वर ते आधी साधे सुरू होऊन मग सांकेतिक होते. येथे अदलाबदल झाली की पेटी नुसती वाट पाहत बसते.

त्यानंतर पासवर्ड. मे २०२२ मध्ये गूगलने साध्या जीमेल खात्यांसाठी यंत्रात नेहमीचा पासवर्ड भरून ईमेल पाठवण्याची सोय बंद केली. आता खात्याला दुहेरी तपासणी लावून यंत्रासाठी सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड घ्यावा लागतो. साहेबांनी खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की हा सोळा अक्षरी पासवर्डही रद्द होतो. साहेब तेवढे सांगायचे विसरतात आणि बोलणी बोर्डावरची मुलगी खाते!

भाचीला मी म्हणालो, "अगं, रडू नकोस. पेटीची नोंदवही उघड." पेटीच्या आत प्रत्येक प्रयत्नाची नोंद राहते. कॉम्प्युटरवरून ती पाहता येते. तिने चाचणीचा ईमेल पाठवून नोंद वाचली. दार बरोबर होते, पासवर्डही बरोबर होता. पण नोंदीपुढे तारीख होती १ जानेवारी १९७०!

येथेच मर्म सापडले. अशा पुष्कळ यंत्रांचे घड्याळ त्याच दिवसापासून मोजणी करते. दहा दिवसांपूर्वी रात्रभर वीज गेली होती. घड्याळ जपणारा आतला गोल सेल संपलेला होता, त्यामुळे वीज येताच घड्याळ शून्यावर गेले. ईमेलचा सर्व्हर आपली ओळख पटवायला प्रमाणपत्र दाखवतो आणि त्यावर मुदत असते. १९७० सालात वावरणाऱ्या पेटीला वाटले, हे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही. तिने बोलणेच तोडले. (पूर्णेवरच्या येलदरी धरणावर साडेबावीस मेगावॅटचे वीजकेंद्र आहे, आणि त्याच गावची मुलगी वीज गेल्यामुळे अडचणीत आली!)

सेल बदलला, इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय चालू केली आणि दोन मिनिटांत चाचणीचा ईमेल गेला.

अडकलेल्या निरोपांचे काय? ते पेटीतच होते. आपल्या एक्स्टेंशनवरून निरोपपेटीचा क्रमांक फिरवून ते ऐकता येतात. मात्र काही ठिकाणी "पाठवल्यावर पुसून टाका" अशी खूण केलेली असते. ती आधी काढावी. भाचीने सगळे निरोप ऐकून वहीत उतरवले. त्यात चार निरोप मजुरांच्या थकलेल्या हजेरीचे होते.

खुलाशासोबत तिने नोंदीचा छापील कागद जोडला. साहेबांनी तो दोनदा वाचला, नोटीस परत घेतली आणि त्या चार मजुरांना दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतले. आता दर सोमवारी आल्याआल्या ती चाचणीचा एक ईमेल पाठवते आणि त्याची वेळ वहीत लिहून साहेबांची सही घेते.