वीस गुणांचे इंग्रजी

दहावीच्या परीक्षेत इंग्रजीसाठी ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन अशी व्यवस्था आहे. हे वीस गुण म्हणजे निकाल फुगविण्याचे साधन, अशी टीका शहरांत नेहमी ऐकू येते. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यासारख्या गावाचा विचार केला, तर मात्र या गुणांचे मोल वेगळे ठरते.

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर तेथे मराठी शाळांचा विस्तार झाला. २००० सालापासून राज्याने पहिलीपासून इंग्रजी सक्तीचे केले. त्यामुळे आज दहावीतील विद्यार्थी कागदोपत्री दहा वर्षे इंग्रजी शिकलेला असतो. परंतु घरी, शेतात वा आठवडी बाजारात ही भाषा सहसा त्याच्या कानावर पडत नाही. तिचा वापर होण्याची जागा म्हणजे शाळेतील तासिका.

२०१८ मध्ये दहावीची पाठ्यपुस्तके बदलली. पाठांतराला आळा घालून भाषेच्या वापरावर भर देण्यासाठी कृतिपत्रिका आली. त्याच वेळी भाषा विषयांचे अंतर्गत गुण रद्द होऊन लेखी परीक्षाच १०० गुणांची झाली. शाळा हे गुण सढळ हाताने देतात, हा त्यामागचा आक्षेप होता. राज्याचा निकाल २०१८ मधील ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही नवा असल्याने या घसरणीचे सारे खापर एकाच निर्णयावर फोडता येणार नाही. तथापि, अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांना अंतर्गत गुणांमुळे अकरावी प्रवेशात लाभ होतो, अशी ओरड झाली आणि २०१९-२० पासून वीस गुण परत आले.

म्हणजेच, या वादात चर्चा झाली ती प्रामुख्याने प्रवेशाची. बोलण्याच्या सरावाची नव्हे. जे परीक्षेत विचारले जात नाही, ते वर्गात शिकविले जात नाही, हा आपल्याकडचा अनुभव आहे. शहरी मुलाला इंग्रजी ऐकण्याचे अन्य मार्ग असतात. ग्रामीण मुलाचे मात्र तोंडी परीक्षेबरोबर बोलणेच संपते.

अर्थात, गुण परत आले म्हणून बोलणे आपोआप परत येत नाही. वर्गात साठ विद्यार्थी असतील आणि प्रत्येकाला पाच मिनिटे द्यायची, तर पाच तास लागतात. पस्तीस मिनिटांच्या जवळपास नऊ तासिका. वर्षअखेरीस एवढा वेळ काढणे अवघड असल्याने सरसकट अठरा-एकोणीस गुण देण्याचा मोह होतो. तोंडी परीक्षा वर्षभरात विभागून घेतली, प्रत्येक वेळची नोंद ठेवली आणि शेजारच्या शाळेतील शिक्षकाने काही विद्यार्थ्यांची फेरतपासणी केली, तर या गुणांना विश्वासार्हता येईल. अन्यथा ते गुणपत्रिकेत दिसतील. विद्यार्थ्याच्या ओठांवर इंग्रजी येणार नाही.