पोथ्यांच्या घरांतील मांजर व त्याच्या पोटाचे विकार

पोथीच्या अखेरीस लेखक जी विनवणी लिहून ठेवतात ती आमच्या वाचकांच्या परिचयाची आहेच. तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून ग्रंथ जपावा असें कोणी लिहितो. कोणी अग्नि, उदक व चोर यांचीं नांवें घेऊन उंदरांपासून विशेष जपावें असें बजावतो. या शेवटच्या शत्रूवर जुन्या वाड्यांतून जो चौकीदार बिनपगारी नेमलेला असे, तो म्हणजे मांजर. इंग्लंडांत एक्झिटर येथील कॅथेड्रलच्या चौदाव्या व पंधराव्या शतकांतील हिशेबांत तर मांजराखातर आठवड्यास सुमारें एक पेनी खर्ची पडल्याच्या नोंदी आहेत. आणि दुब्रोव्निकच्या दप्तरखान्यांतील पंधराव्या शतकाच्या एका बंदावर मांजराच्या शाईनें भरलेल्या पावलांचे ठसे आजही स्पष्ट दिसतात. चाकरी बजावतांना धन्याचा कागद खराब करण्याची ही वृत्ति सर्व देशांत सारखीच म्हणावयाची.

हा चौकीदार आजारी पडला म्हणजे बहुधा पोटानें पडतो. ओकारी, हगवण, मलावरोध हे विषय या पृष्ठांस कोणास हलके वाटतील. परंतु संग्राहकांच्या घरीं हा प्रश्न वरचेवर निघतो, आणि उपाय चुकल्यास थोडक्या दिवसांत प्राणी दगावतो व मागाहून उंदीर रुमालांवर बसतात. सबब घरगुती उपायांपैकीं कोणते ग्राह्य व कोणते त्याज्य, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

आपल्याकडे पशुचिकित्सेचें वाङ्मय थोडें नाहीं. हत्तींसाठीं पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आहे. तो पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९४ त छापला. घोड्यांसाठीं शालिहोत्र व नकुल यांच्या नांवांवर ग्रंथ आहेत. ससाण्यांच्या औषधपाण्यास सुद्धां कुमाऊंच्या रुद्रदेवानें आपल्या श्यैनिकशास्त्रांत जागा दिली आहे. राजाच्या स्वारीशिकारींत उपयोगीं न पडणाऱ्या मांजराच्या वाट्यास मात्र माजघरांतील आजीबाईचा बटवाच आला. या बटव्यांतील जिन्नस माणसाच्या मुलाबाळांसाठीं ठरविलेले. ते तसेच मांजरास लागू करणें म्हणजे एका घराण्याची सनद दुसऱ्या घराण्याच्या वतनास लावण्यासारखें आहे.

याचें कारण मांजराच्या यकृतांत आहे. माणसाचें यकृत ज्या क्रियेनें कित्येक तीव्र द्रव्यें निर्विष करून बाहेर टाकतें, ती क्रिया मांजरांत फारच मंद असते. ओव्याचें फूल हें याच वर्गांतील द्रव्य होय. म्हणून ओव्याचा अर्क मुलाच्या पोटदुखीवर उतारा पडला तरी मांजरास देऊं नये. पॅरासिटामॉलची एक गोळी सुद्धां मांजराचा प्राण घेण्यास पुरी पडते. कांदा व लसूण, कच्चे असोत वा शिजलेले, त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करतात. सबब फोडणीच्या आमटींत कालविलेला भात वर्ज्य. एरंडेलाचा जुलाब अशक्त प्राण्याच्या अंगांतील उरलेंसुरलें पाणी हरण करतो. शिवाय बळेंच तोंडांत ओतलेलें तेल श्वासनलिकेंतून फुप्फुसांत उतरण्याचें भय असतें तें वेगळेंच.

दुधाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. मांजर व दूध यांची सांगड आपल्या म्हणींनीं इतकी पक्की घातली आहे कीं, आजारी मांजरापुढें प्रथम दुधाची वाटीच जाते. वस्तुतः पिलूपण सरल्यावर दुधांतील शर्करा पचविण्याची शक्ति बहुतेक मांजरांत उरत नाहीं, आणि कित्येक घरांतील हगवणीचें मूळ या वाटींतच असतें. दूध बंद करणें हा आमच्या मतें घरगुती उपायांतील पहिला व सर्वांत स्वस्त उपाय होय. चमचाभर ताजें दही कित्येकांस सोसतें, पण तें औषध नव्हे. निव्वळ दूधभातावर मांजर पोसण्याची चालही चांगली नाहीं. टॉरिन नांवाचें द्रव्य मांजरास मांसमत्स्यांतूनच पुरेसें मिळतें. तें न मिळाल्यास डोळ्याचा आंतील पडदा बिघडतो, हें १९७५ त प्रयोगानें सिद्ध झालें.

आतां उपचार. लंघनास परमौषध मानण्याची आपली वहिवाट मांजराच्या बाबतींत जपून चालवावी लागते. ओकारी चालू असतां थोरल्या मांजरास चारसहा तास अन्न न दाखविणें योग्य. पण दिवसरात्र त्याच्या पोटांत कांहींच गेलें नाहीं, तर अंगांतील चरबी यकृतांत सांचूं लागण्याचा धोका असतो, आणि लठ्ठ मांजरांत हा विकार प्राणावर बेततो. पिलांस तर लंघन घडवूंच नये. पाणी मात्र कधींही तोडूं नये. तें स्वच्छ, ताजें व अन्नाच्या ताटलीपासून दूर ठेवावें. मानेमागील कातडी चिमटींत उचलून सोडली असतां ती लागलीच पूर्ववत् बसली नाहीं, किंवा हिरड्या कोरड्या व चिकट लागल्या, तर अंगांतील पाणी आटलें असें समजावें व घरीं वेळ दवडूं नये.

ओकारी थांबल्यावर कोंबडीचें हाडें काढलेलें मांस नुसत्या पाण्यांत उकडून, मीठ, हळद, मसाला कांहींएक न घालतां, बारीक कुसकरून द्यावें. एका वेळीं मोठ्या सुपारीएवढें, आणि असें दिवसांतून पांचसहा वेळां. सोबत चिमूटभर मऊ भात चालतो. उकडल्याचें पाणी निवल्यावर पाजल्यास मांजर तें आवडीनें पितें. दोनतीन दिवसांत मळ बांधून होऊं लागला म्हणजे हळूहळू नेहमींच्या अन्नावर आणावें. उकडलेल्या लाल भोपळ्याचा बलक लहान चमचाभर अन्नांत कालविला तर हगवण व मलावरोध या दोहोंतही उपयोग होतो. एकाच जिनसेनें दोन उलट कामें व्हावीं याचें नवल वाटेल, पण त्यांतील चोथा पातळ मळांतील पाणी धरतो आणि कठीण मळास मऊपणा देतो. इसबगोल पाव चमचा भरपूर पाण्यांत फुगवून दिल्यास हेंच कार्य होतें. कोरडा मात्र देऊं नये. केंसांचे गोळे ओकणाऱ्या मांजरास रोज फणी करणें हें कोणत्याही पुडीपेक्षां गुणकारी आहे. कुंडींत गव्हांकुर लावल्यास मांजर ते खातें. त्यांत अपाय नाहीं.

मलावरोधाच्या संबंधांत एक इशारा दिलाच पाहिजे. बोका वारंवार कुंथतो, ओरडतो, आणि खालीं कांहींच पडत नाहीं, असें दिसतांच घरचीं माणसें बद्धकोष्ठ झालें म्हणून तेलतूप शोधूं लागतात. पुष्कळ प्रसंगीं तुंबलेला असतो तो मळ नव्हे, मूत्र. हा अडथळा तासांच्या हिशेबाचा आहे. एकदोन दिवस गेले तर बोका हातचा जातो. तेव्हां प्रथम मूत्र झालें कीं नाहीं तें पाहावें, व झालें नसल्यास लागलीच पशुवैद्याकडे न्यावें.

आम्ही येथवर जें सांगितलें तें कोणत्याही घरास लागू आहे. पोथ्यांच्या घरास लागू असें प्रकरण याहून निराळें असून, विकाराचें कारण शोधतांना संग्राहकानें आधीं आपल्याच कपाटांत पाहावें असें आमचें स्पष्ट मत आहे. जुन्या पोथ्यांतील चुकलेलीं अक्षरें बुजविण्यास हरताळ लावीत. हरताळ फासणें हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. हा पिवळा लेप म्हणजे आर्सेनिक व गंधक यांचा संयोग होय. असलीं पानें उघडीं पडलेलीं असतां मांजर त्यांवरून चाललें तर सुटलेली भुकटी पंजास लागते. आणि मांजराचा स्वभाव पंजा चाटून साफ करण्याचा. कसरीसाठीं कपाटांत टाकलेल्या डांबरगोळ्या पोटांत गेल्यास ओकारी व रक्तनाश होतो. कापरानें झटके येतात. उंदरांसाठीं विषाची गोळी आणि मांजर हे दोन उपाय एकाच खोलींत योजणें तर केवळ अविचार होय, कारण विष खाऊन सुस्त झालेला उंदीर मांजराच्या तोंडीं प्रथम सांपडतो. अशा संशयांत भोपळा नि इसबगोल करीत बसूं नये.

दोरीची गोष्ट याहूनही दुर्लक्षिली जाते. रुमालाची नाडी, बासनाचा सुटा धागा, शिवणीचा दोरा हीं मांजराचीं खेळणीं. त्याच्या जिभेवर मागें वळलेले कांटे असल्यामुळें तोंडांत गेलेला दोरा बाहेर न पडतां आंतच सरकतो. एक टोंक जिभेखालीं अडकून दुसरें आंतड्यांत गेलें म्हणजे आंतडें त्यावर चुणीप्रमाणें गोळा होतें व कापलेंही जातें. तोंडांतून वा गुदद्वारांतून दोरा लोंबतांना दिसला तर तो ओढण्याचा मोह अनावर होतो. परंतु तो ओढूंही नये, कापूंही नये. बहुधा शस्त्रक्रियेनेंच तो निघावयाचा.

उंदीर मारून खाणाऱ्या मांजरास पट्टकृमि होणें स्वाभाविक आहे. शेपटीखालीं तांदळाच्या कण्यांसारखे तुकडे चिकटलेले दिसतात. यावर लसूण देणें घातुक. वजनाच्या मानानें पशुवैद्य देतील ती कृमिघ्न गोळीच घ्यावी.

मळांत रक्त, काळसर डांबरासारखा मळ, दिवसांत अनेक वेळां ओकारी, फुगलेलें पोट, दिवसभर अन्नास न शिवणें, यांपैकीं एकही लक्षण आढळल्यास घरगुती उपचार संपले. मुंबईंत परळास बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ आहे व पशुवैद्यकाचें विद्यालय १८८६ पासून चालू आहे. आणि आतां तर तालुक्याच्या गांवींही पशुवैद्य मिळतो. जातांना टांचण सोबत न्यावें : ओकारी केव्हां झाली, किती वेळां, रंग कसा, शेवटचें अन्न कोणतें, खोलींत कोणतीं द्रव्यें होतीं. मित्यांवांचूनच्या कागदावर निर्णय देतांना आपली जशी अडचण होते, तशीच वैद्याचीही होते. मळाचा नमुना झांकणाच्या डबींत न्यावा. डबी नसल्यास कागदाची पुडी चालेल. मात्र कागद घेतांना तो कोरा आहे ना, हें दिव्याशीं धरून पाहावें.