नाचणी सत्त्व

नाचणी सत्त्व हे नाचणी (शास्त्रीय नाव : एल्युसिन कोराकाना) या तृणधान्यापासून घरी तयार केले जाणारे पीठ होय. महाराष्ट्रात त्याची खीर किंवा पेज शिशूंना पूरक आहार म्हणून देण्याची जुनी प्रथा आहे. नाशिक परिसरात या धान्याला नागली, तर कर्नाटकात रागी म्हणतात. कोकणात व सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर ते पिकते. ‘सत्त्व’ या एकाच नावाने दोन भिन्न पदार्थ ओळखले जातात आणि त्यांच्या पोषणमूल्यांत मोठा फरक असतो.

प्रकार

गाळीव सत्त्व : भिजवलेली नाचणी वाटून पातळ फडक्यातून गाळतात. निघालेले दूध निवळल्यावर वरचे पाणी ओतून टाकतात व तळाचा साका वाळवतात. हे पीठ पांढुरके व मऊ असले तरी त्यात मुख्यतः पिष्टमय पदार्थच उरतात. १०० ग्रॅम अख्ख्या नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. परंतु ते बहुतांशी दाण्याच्या सालीत असल्याने त्याचा मोठा भाग चोथ्याबरोबर टाकला जातो.

मोडाचे सत्त्व : यात मोड आणलेली नाचणी वाळवून दळतात. साल पिठातच राहत असल्याने खनिजे अधिक प्रमाणात टिकतात.

कृती (मोडाचे सत्त्व)

नाचणी निवडून, अनेकदा धुऊन रात्रभर भिजवतात. पाणी निथळून ती ओलसर सुती फडक्यात एक-दोन दिवस बांधून ठेवतात. मोड आल्यावर दाणे स्वच्छ कापडाखाली झाकून पूर्ण वाळवतात, मंद आचेवर हलके भाजतात, चोळून मोड काढतात व दळून चाळतात. पावसाळी, दमट हवेत दाणे नीट न वाळल्यास बुरशी येते. वास किंवा रंग बदललेले पीठ वापरू नये. पीठ थोडेच करून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात.

खिरीसाठी पीठ प्रथम थंड पाण्यात कालवतात, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. नंतर सतत ढवळत ते पूर्ण शिजवतात व शेवटी थोडे तूप घालतात.

मोडांचे महत्त्व

शिशूचे जठर लहान असते. साध्या पिठाची पेज शिजताना घट्ट होते आणि ती गिळता यावी म्हणून पाणी वाढवले जाते. अशा पेजेने पोट भरते, पण ऊर्जा पुरेशी मिळत नाही. मोड येताना दाण्यात अमायलेज हे विकर तयार होते. ते पिष्टाचे विघटन करत असल्याने तितक्याच पातळ खिरीत अधिक पीठ मावते. मात्र तीव्र आचेवर भाजल्यास हे विकर निकामी होते. मोड आणल्याने खनिजांच्या शोषणात अडथळा आणणाऱ्या फायटेटचे प्रमाणही घटते.

वय व प्रमाण

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने केवळ स्तनपान द्यावे आणि त्यानंतर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ स्तनपानासोबत पूरक आहार द्यावा. स्तनपान घेणाऱ्या सरासरी बालकाला पूरक आहारातून ६ ते ८ महिन्यांच्या वयात दररोज सुमारे २००, ९ ते ११ महिन्यांत ३०० व १२ ते २३ महिन्यांत ५५० किलोकॅलरी ऊर्जा मिळणे अपेक्षित असते. परंपरेने उष्टावण मुलाचे सम महिन्यात, तर मुलीचे विषम महिन्यात करतात. त्यामुळे मुलीला पाचव्या महिन्यात अन्न सुरू करण्याचा प्रघात आढळतो. तो या शिफारशीशी जुळत नाही.

खीर चमच्यातून पाण्यासारखी ओघळू नये. बाटलीऐवजी वाटी-चमच्याने भरवणे अधिक सुरक्षित मानले जाते.

मर्यादा व दक्षता

केवळ नाचणीवर शिशूचे पोषण होत नाही. सहाव्या महिन्यानंतर शरीरातील लोहाचा जन्मजात साठा कमी होऊ लागतो, तर नाचणीतील लोहाचे शोषण मर्यादित असते. म्हणून हळूहळू मऊ शिजवलेली डाळ, पालेभाज्या, फळे आणि घरात चालत असल्यास अंडी, मासे व मांस यांचा समावेश आवश्यक ठरतो. आवळा, पेरू, संत्रे यांतील क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढते. पहिल्या वर्षात मीठ, साखर व गूळ टाळावेत. बोट्युलिझम या विषबाधेच्या धोक्यामुळे एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये. शिजवलेली खीर सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये.