पित्त, सफरा आणि पित्ता : पित्ताशयाचा दाह व पित्तक्षारांचे शोषण

बेळगाव-निपाणी परिसरात 'पित्त झालंय' म्हणजे बहुधा आंबट ढेकर आणि छातीतील जळजळ. ही तक्रार जठरातील आम्लाची असते. यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसाशी तिचा सहसा संबंध नसतो. युनानी वैद्यकात पित्तरसाला 'सफरा' व पित्ताशयाला 'मरारा' अशी स्वतंत्र नावे आहेत. बोलीतल्या उर्दूतही पित्ताशय म्हणजे 'पित्ता'. मराठी बोलण्यात मात्र सारा भार एकट्या 'पित्ता'वर पडतो आणि उजव्या बरगडीखालचे दुखणेही त्याच शब्दाखाली झाकले जाते.

यकृत दररोज सुमारे ६०० ते १००० मिलिलिटर पित्तरस तयार करते. पित्ताशयात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर मावतो. तरीही उपाशी काळातला बराच रस तेथे साठतो, कारण त्याचे अस्तर सोडियम, क्लोराइड व त्यांच्यामागोमाग पाणी शोषून रस ५ ते २० पट घट्ट करते. पित्तक्षारांना मात्र निरोगी अस्तर जवळजवळ बाहेर जाऊच देत नाही.

खडा अडकून दाह झाला की हा विवेक सुटतो. इजा झालेल्या अस्तरातून पित्तक्षार निसटून शोषले जातात, कोलेस्टेरॉल मागे राहते. ते विरघळलेले असते पित्तक्षार व लेसिथिन यांच्या आधारानेच; तो आधार कमी पडला की त्याचे कण साचतात. म्हणजे खड्यामुळे दाह आणि दाहामुळे पुन्हा खडे. पाणी शोषण्याची शक्तीही मंदावते. १९२४ साली अमेरिकेत ग्रॅहम व कोल यांनी क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य देऊन पित्ताशयाची छाया टिपली, ती याच तत्त्वावर : रोगट पित्ताशय द्रव्य घट्ट करू शकत नाही, म्हणून छाया उमटत नाही. आता हे काम सोनोग्राफीवर भागते. मार्ग दीर्घकाळ बंद राहिल्यास रंगद्रव्येही शोषली जातात आणि आत केवळ पांढुरका श्लेष्म उरतो.

रोज्यात दिवसभर भरलेले पित्ताशय इफ्तारच्या तळलेल्या पदार्थांनी जोरात आकुंचन पावते. खडा असल्यास कळ तेव्हाच उठू शकते. ती काही तास टिकली, सोबत ताप किंवा कावीळ असली, तर सोडा घेऊन वाट पाहणे धोक्याचे होय.

'पित्ता काढला की पचन संपले' या भीतीने शस्त्रक्रिया लांबवली जाते. वास्तविक पित्तक्षारांचे सुमारे ९५ टक्के पुनर्शोषण लहान आतड्यात, मुख्यतः त्याच्या शेवटच्या भागात होते. पित्ताशय काढल्यावर यकृताचा रस थेट आतड्यात उतरत राहतो; काहींना काही काळ जुलाब होतात, एवढेच.